दाजी, तुम्हाला तीनदा बाहेर काढले त्याबद्दल

चिवंगा मिशन,
सरोवराकाठी

आदरणीय दाजी वेलिंग्स म्सिस्का यांना त्यांचा मेव्हणा योतामु याचा गुडघे टेकून, हलकी टाळी वाजवून नमस्कार. कागदावर टाळी उमटत नाही, तेव्हा ती तुम्ही मनातल्या मनात ऐकून घ्यावी. तुम्ही सकाळी बरे उठलात का? ताई बरी उठली का? तुम्ही दोघे बरे उठला असाल तर आम्हीही बरे उठलो आहोत. ताईच्या गुडघ्याला जोहान्सबर्गची थंडी मानवत नाही असे कळले. तिने लोकरीची पट्टी बांधावी आणि जिने चढू नयेत (तुम्ही सगळ्यात वरच्या मजल्यावर राहता हे मला ठाऊक आहे, पण सांगणे माझे काम आहे). इकडे सरोवर शांत आहे. बारीक उसिपा मासळी यंदा इतकी मिळाली की वाळत घातलेल्या मासळीने सगळा काठ चांदीचा झाला आहे. काल दुपारी पाण्यावर चिलटांचे उंच खांब उभे राहिले होते, दूर कुठेतरी सरोवरालाच आग लागून धूर निघावा तसे. मी कचेरीच्या पायरीवर बसून ते बघत राहिलो आणि प्रार्थनेची घंटा वाजवायला उशीर केला. चर्चचे पाळकसाहेब रागावले नाहीत, कारण तेही तेच बघत होते.

तुम्ही फोन उचलत नाही, म्हणून हे पत्र. रागावलेल्या माणसाचा फोन वेगळा वाजतो, दाजी. घंटी तीच असते, पण रिकाम्या घरात वाजल्यासारखी वाजते. शिवाय बहिणीच्या नवऱ्याला दुखावले तर त्याची माफी फोनवरून मागायची नसते, माणसाच्या हाती पाठवायची असते, असे आपल्याकडचे वळण आहे. म्हणून म्झुझू शहरातून तुमच्याकडे बस नेणाऱ्या ग्रेशम ड्रायव्हरच्या हाती हे देतो आहे. सोबत वाळवलेल्या उसिपाची पिशवीही दिली आहे. (पिशवी हलकी लागली तर पत्राला दोष देऊ नका, रस्ता लांबचा आहे आणि ग्रेशमला मासळी आवडते.)

मी तुम्हाला चर्चच्या कॉम्प्युटरातून तीनदा हाकलून दिले, असे तुमचे म्हणणे आहे. ते खरे आहे. पण हाकलणारा कोणत्या भावनेने हाकलत होता हे तुम्हाला तिकडून दिसले नसेल, तेवढे सांगण्यासाठी हा खटाटोप. यात तुम्हाला आधीच ठाऊक असलेले बरेच काही येईल. ते गोड मानून घ्या. प्रार्थनेतही आपण देवाला ठाऊक असलेलेच सांगत असतो आणि तो मध्येच फोन बंद करत नाही.

तर मुळापासून सांगतो. बाबांनी, म्हणजे तुमच्या वडिलांनी, जन्मभर मिशनचा क्वायर, म्हणजे चर्चमधला गाणाऱ्यांचा मेळा, चालवला आणि गेल्या पावसाआधी ते गेले. तुमचे कागद तेव्हा झाले नव्हते, सीमेवरून परत आत घेतील की नाही याची खात्री नव्हती, म्हणून तुम्ही मातीला येऊ शकला नाहीत. (त्याबद्दल इथे कोणी अवाक्षर काढले नाही. तुमच्या आईंनी, आपल्या अमामांनी, फक्त तुमच्या वाटणीचा घास बाजूला काढून ठेवला आणि कुत्र्याला हात लावू दिला नाही.) आता शेतातले कसाव्याचे कंद निघाले की बाबांच्या कबरीवर दगड बसवायचा आहे, आणि चारी गावांसमोर त्यावरचे कापड काढायचे आहे. दगड आला. कापड अमामांनी स्वतः शिवले. त्यांची मागणी एकच आहे: कापड निघेल त्या क्षणी बाबांचा आवाज ऐकू आला पाहिजे. फोटो नको, भाषण नको. आवाज.

आणि बाबांचा आवाज जगात एकाच ठिकाणी आहे, चर्चच्या कचेरीत माझ्या टेबलावरच्या कॉम्प्युटरात. बाबा असताना एक पाहुण्या शिक्षिका आल्या होत्या, त्यांनी क्वायरची एक अख्खी तालीम त्यात भरून घेतली होती. पण ज्या प्रोग्रॅमात ती भरली त्याची मुदत संपली, आणि आता फाईलवर टिचकी मारली की मशीन दिलगिरी व्यक्त करते. फार सभ्यपणे करते. एक पाटी येते आणि ‘टुंग’ असा बारीक आवाज होतो. अमामांनी तो लक्ष देऊन ऐकला आणि म्हणाल्या, “हा त्यांचा आवाज नाही.” मी म्हणालो, नाही, अमामा. त्या म्हणाल्या, “ते एवढ्या हळू कधी बोलले नाहीत.”

फाईल तुम्हाला पाठवून द्यावी, तर ती एवढी मोठी की टेकडीवरच्या टॉवरला ती उचलता उचलेना. पाळकसाहेबांनी सुचवले की पेनड्राइव्हवर घालून बसने धाडू. त्यावर अमामा खुर्चीतून उठल्या. “माझा थोरला भाऊ जोहान्सबर्गला गेला, खाणीत. मग पुतण्या गेला. मग वेलिंग्स गेला. तिकडं गेलेलं काय परत आलंय, सांगा पाळकसाहेब? आता नवऱ्याचा आवाजही त्याच बसमध्ये बसवू?” पाळकसाहेबांनी टोपी डोक्यावर ठेवली आणि तब्येतीची विचारपूस करून निघून गेले.

तेव्हा तुम्ही फोनवर म्हणालात, “अरे मेव्हण्या, कशाला काय पाठवतोस? मीच येतो ना तुझ्या मशीनमध्ये. रिमोट डेस्कटॉप म्हणतात त्याला. मी इथं आमच्या दुरुस्तीच्या दुकानात बसून तुझी मशीन चालवणार, तू बघत राहा.” मी हर्षाने अमामांना जाऊन सांगितले की दाजी आपल्या मशीनमध्ये येताहेत. माझी पहिली चूक इथे झाली. त्या वाक्यातले मशीन त्यांनी बाजूला ठेवले आणि येणे तेवढे घेतले. दुसऱ्या दिवशी मी कचेरी उघडायला गेलो तर अंगण झाडलेले होते आणि पाहुण्यांच्या खुर्चीवर अमामा, ईस्टरला नेसायचे निळे वस्त्र गुंडाळून, मांडीवर झाकलेली थाळी घेऊन बसल्या होत्या. थाळीत कसाव्याचा गरम गोळा होता आणि टोमॅटोच्या रश्यातला मासा. मी समजावले की ते देहाने येणार नाहीत. त्या म्हणाल्या, “कसाही येऊ दे. भुकेला असेल.”

आता त्या फायरवॉलचे, म्हणजे परक्यांना मशीनबाहेर अडवणाऱ्या पहाऱ्याचे. तुमच्या सांगण्यावरून मी आधी तो बोगद्याचा प्रोग्रॅम घातला होता, म्हणजे तुमच्या दुकानातली मशीन आणि आमची मशीन यांच्यामध्ये आतल्या आत एक वाट. खरे सांगतो, त्या वाटेने मला भुरळ घातली. मी डोळे मिटून बसलो आणि ती वाट मला दिसू लागली. लिम्पोपोच्या वाळूखालून, झांबेझीच्या पाण्याखालून, सीमेवरच्या झोपाळू शिपायांच्या बुटांखालून ती येत होती, आणि तीवरून तुम्ही हातात बूट घेऊन अनवाणी चालत येत होता, कोणी शिक्का मागत नव्हते. तेवढ्यात मशीनने मला काहीतरी विचारले. डोळे उघडून वाचले तर प्रश्न असा: या नव्या वाटेवरच्या इतर मशीननी तुमची मशीन पाहिलेली चालेल का? हो की नाही?

मी ‘नाही’ दाबले.

दाजी, तुम्ही नंतर या ‘नाही’वर खूप हसलात. पण विचार करा, आम्ही झाडाखालच्या शाळेत शिकलेली माणसे. पुढे पुढे करू नये, हे आम्हाला अक्षरांच्याही आधी शिकवले. चर्चमध्ये मी खांबाच्या मागे बसतो. फोटो काढायची वेळ आली की उंच माणूस शोधतो आणि त्याच्या मागे उभा राहतो. अशा माणसाला कोणी विचारले, की तुला चारचौघांनी बघावे असे वाटते का, तर तो दुसरे काय म्हणणार? मला तर वाटले की मशीनने माझी नम्रता पारखली आणि मी उत्तीर्ण झालो. त्यानंतर ती एक शब्द बोलली नाही, त्यामुळे खात्रीच पटली.

मग ठरल्या वेळी तुम्ही आलात आणि वाट कुंपणापाशी संपली. फोन टेबलावर मोठ्या आवाजात ठेवला होता, त्यातून तुम्ही ओरडत होता, “अरे, पोचलोय मी, हाका मारतोय, कोणी ओ देत नाही!” हे अमामांनी ऐकले मात्र, त्या ताडकन उठल्या. त्यांच्या उभ्या आयुष्यात त्यांच्या कुंपणाशी कोणी हाक मारली आणि ओ मिळाली नाही असे घडलेले नाही. त्यांनी कचेरीचे दार सताड उघडून त्याला दगड लावला, खिडक्या उघडल्या, अंगणात जाऊन रस्त्याकडे तोंड करून म्हणाल्या, “या! आत या!” रस्त्यावर पाळकसाहेबांची शेळी होती. तिला इतक्या आदराने आजवर कोणी बोलावले नव्हते. ती आत आली आणि भिंतीवरच्या दिनदर्शिकेतून ईस्टरपर्यंतचा काळ खाऊन गेली. मी शेळी बाहेर काढत होतो, तुम्ही फोनमधून विचारत होता की आत कोण आलंय, आणि अमामा शेळीला म्हणत होत्या, “तू नाहीस,” आणि फोनला, “तू ये.”

तुम्ही म्हणालात, “रिमोट डेस्कटॉप चालू आहे का बघ.” चालू होते. “मग फायरवॉल अडवतेय. बंदच करून टाक.” आणि मी बराच वेळ काही बोललो नाही. तुम्हाला वाटले फोन तुटला. फोन तुटला नव्हता, दाजी. मी विचार करत होतो. फायरवॉल म्हणजे आगीची भिंत. देव आपल्या माणसांभोवती आग होऊन उभा राहतो, असे आपण लहानपणापासून ऐकत आलो. ज्या गावाला तट नाही, वेस नाही, त्याभोवती तीच एक भिंत. आपल्या चिवंग्यालाही तट नाही, नुसते बोरूचे कुंपण आहे आणि तेही शेळीने खाल्लेले. इतकी वर्षे ही आग माझ्या टेबलावर जळत होती, बाप्तिस्म्यांची आणि लग्नांची नावे राखत होती, आणि मला तिचा पत्ताही नव्हता. ती आज एका माणसासाठी फुंकर मारून विझवायची? मग तो माणूस आत येईल हे खरे, पण त्याच्यामागून अंधारातले काय काय येईल? मी म्हणालो, “दाजी, विझवणार नाही. एक झरोका पाडता आला तर बघू.”

तुम्ही म्हणालात, “मेव्हण्या, तू कारकून आहेस की बिशप?” पण मग थोडे थांबून, “तसं बरोबरच म्हणतोस तू, बंद करू नयेच,” असेही म्हणालात. ते मला फार आवडले. तुमचा राग निवल्यावर हे वाक्य आठवून पाहा.

मग तुम्ही मला परवानग्यांच्या पाटीवर नेलेत. कोणाकोणाला भिंतीतून येऊ द्यायचे त्यांची नावे तिथे होती, आणि प्रत्येक नावापुढे दोन चौकोन होते, एक घरच्या नेटवर्कसाठी आणि एक परक्या नेटवर्कसाठी. रिमोट डेस्कटॉपच्या नावापुढे घरच्या चौकोनात खूण होती आणि परक्या चौकोनात नव्हती. तुम्ही विचारलेत, “बोगदा घातला तेव्हा मशीननं काही विचारलं होतं का?” मी सांगितले. काय उत्तर दिले तेही सांगितले, आणि का दिले तेही. तुम्ही जे हसलात ते हसणे माझ्या टेबलावर अजून सांडलेले आहे. “अरे, ती काय तुला दाखवायला घेऊन चालली होती का नवरीसारखी? तू ‘नाही’ म्हणालास म्हणजे आपली वाट परकी झाली! भिंतीला वाटलं, आला कोणीतरी उपटसुंभ बाजारातला!”

म्हणजे सगळे अडले होते ते एवढ्यावर, की जोहान्सबर्गहून येणारी वाट घरची की परकी. ते बदलण्याची जागा तुम्ही दाखवलीत. मी तिथे पोचलो आणि हात थांबला. मशीन पुन्हा विचारत होती आणि या वेळी मला नम्रतेमागे लपता येत नव्हते. मी अमामांना विचारले, “अमामा, हे विचारतंय, वेलिंग्सची वाट घरची की परकी?” अमामांनी थाळीवरचे झाकण सारखे केले. “मी काय सांगू? इतकी वर्षं झाली.” मग खिडकीबाहेर बघत म्हणाल्या, “घरचीच आहे. लिही.” मी लिहिले. तुम्ही फोनवर होता, तुम्हीही ऐकलेत. तिकडे दुकानात कोणीतरी ड्रिल चालवत होते त्याचा आवाज तेवढा आला.

आणि तुम्ही आलात. भिंतीतून, झरोक्यातून, कुठून ते ठाऊक नाही, पण आलात. मी बैठकीचे इतिवृत्त उघडून वाचत होतो, तेवढ्यात माझ्या नाकासमोर पडदा मिटला आणि लिहून आले की कुलूप लागले आहे. मशीनच्या खोक्यावरचा बारीक दिवा मात्र लुकलुकू लागला. तुम्ही फोनवर म्हणालात, “आलो! आता गप्प बस आणि मला काम करू दे.” आणि फोन ठेवलात. अमामा वाकून तो दिवा बघू लागल्या. तो थांबे, भरभर चमके, पुन्हा थांबे. “बघ, घाईघाईनं जेवतोय,” त्या म्हणाल्या. “लहानपणी असाच जेवायचा.” त्यांचा चेहरा तेव्हा कसा झाला होता ते मला लिहिता येणार नाही. सरोवरावर सकाळी पहिला उजेड पडतो आणि वारा अजून उठलेला नसतो, तसा काहीसा.

मग त्यांनी माझ्याकडे पाहिले आणि हसू मावळले. “तो आत आहे ना?” आहे. “आणि तू बाहेर काय करतोयस?” मी म्हणालो, मशीनने मला बाहेर काढले आहे, एका वेळी एकच माणूस. त्या म्हणाल्या, “पाहुणा घरात एकटा बसलाय आणि यजमान बाहेर उभा राहून बघतोय? तुझ्या आईनं तुला हेच शिकवलं? जा, आत जा, त्याच्याजवळ बस. बोलू नकोस हवं तर. नुसता बस.”

दाजी, आपली रीत तुम्हाला ठाऊक आहे. आपल्याकडे पाहुण्याला खोलीत एकटे सोडून यजमान उठून गेला तर ती गोष्ट तीन पिढ्या सांगतात. मी पासवर्ड घातला. केवळ तुमच्या सोबतीला यायला. कुलूप उघडले, मी आत गेलो, आणि तुम्ही नव्हता. तुम्ही उघडलेल्या खिडक्या तशाच उघड्या होत्या, एक काम अर्धवट चालू होते, पाहुणा नुकताच उठून गेलेल्या ताटासारखे. मला काही कळेना. फोन वाजला. “ढकललंस का मला?” मी शपथेवर सांगितले, नाही, मी तर तुमच्याजवळ बसायला आलो होतो. तुम्ही म्हणालात की आत एकालाच जागा आहे, मी आलो की तुम्ही बाहेर पडता. मी हे अमामांना सांगितले. त्यांनी विचारले, “मग निघाला तेव्हा त्याला वळणापर्यंत तरी पोचवलंस का? की दारातूनच जाऊ दिलंस?”

दुसऱ्या वेळी मी मन घट्ट केले आणि पायरीवर जाऊन बसलो. दिवा लुकलुकत होता. आंब्याच्या सावल्या अंगणात सरकत होत्या. मी विचार करत होतो की हा कसला घरोबा, ज्यात एकजण आत आला की दुसऱ्याने बाहेर पडायचे. मग वाटले, देवालाही आपल्यात यायचे असते तेव्हा तो हेच सांगत असेल का, की जरा बाजूला हो. या विचारात मी इतका रमलो की ‘बहिणींच्या मंडळा’च्या अध्यक्षीणबाई, श्रीमती लोवेनेस, कधी आत गेल्या ते कळले नाही. त्यांना घंटा वाजवायची वेळ बघायची होती. पडद्यावर कुलूप बघून त्यांना दया आली आणि त्यांनी पासवर्ड घातला. (पासवर्ड सगळ्या मंडळाला ठाऊक होता, कारण तो वेदीवर कोरलेलाच शब्द होता. हा झरोका भिंतीत नव्हता, दाजी, हा माझ्यातच होता. आता बदलला आहे.) तुम्ही दुसऱ्यांदा रस्त्यावर.

तिसऱ्या वेळी मी कचेरीला आतून कडी घातली आणि मशीनकडे पाठ करून बसलो. अमामा खुर्चीत होत्या. थाळी नवी होती, रसा तोच. बराच वेळ दिवा चालला. मग थांबला. पुष्कळ वेळ थांबला. अमामा म्हणाल्या, “योतामु, तो हलत नाहीये.” मी म्हणालो, विचार करत असतील. “त्याला काही झालं तर नाही? आत हवा आहे का?” मी म्हणालो, अमामा, ते आत नाहीत, दुकानात आहेत. त्या म्हणाल्या, “काल आत होता, आज दुकानात?” मग त्या रडू लागल्या. आवाज न करता, निळ्या वस्त्राचे टोक तोंडाला लावून. “ह्यांच्या वेळीही मी शेवटी बाहेर पाणी आणायला गेले होते. आत आले तर असेच निश्चल.” दाजी, मी वळलो आणि पासवर्ड घातला. मला फक्त त्यांना दाखवायचे होते की आत कोणी मेलेले नाही.

त्यानंतर तुम्ही फोनवर जे बोललात ते सगळे न्याय्य होते. गाढव हा शब्दसुद्धा. अमामांना ते ऐकू गेले नाही असे मी तुम्हाला सांगितले, ते मात्र खरे नव्हते. त्या म्हणाल्या, “रागावलाय. म्हणजे बरा आहे,” आणि थाळी मला जेवायला दिली. मी मशीनवर तिचे झाकायचे भरतकामाचे कापड टाकले आणि तेव्हापासून तिला हात लावला नाही. नोंदी हाताने करतो आहे.

तर विनंती एवढीच की राग गिळून आणखी एकदा या. दगडाचा दिवस जवळ येतो आहे आणि बाबा अजून ‘टुंग’ एवढेच म्हणताहेत. गुरुवारी सकाळची घंटा झाली की मी आंब्याखाली जाऊन बसेन. अमामांना लोवेनेसबाई पलीकडच्या गावी घेऊन जातील. शेळी बांधलेली असेल. तुम्ही या, आम्ही कोणी घरात नसू. (हे वाक्य लिहिताना माझा हात तीनदा अडला. आजवर मी कोणालाही असे निमंत्रण दिलेले नाही.) ताईला सांगा की तिचा भाऊ मूर्ख आहे पण उर्मट नाही. देव तुम्हा दोघांना थंडीपासून, जिन्यापासून आणि परक्या वाटांपासून राखो.

तुमचा, भिंतीच्या अलीकडचा,
योतामु न्यासुलू

ता. क. पत्र बंद करण्याआधी वाटले, गुरुवारसाठी मशीन जागी तरी होते का पाहावे. कापड काढले आणि चालू केली. पडद्याच्या मधोमध एक नवी फाईल होती, तुम्ही दिलेल्या नावाची: ‘बाबा – झालं’. म्हणजे दिवा थांबला तो काम संपले म्हणून, आणि मी तुम्हाला ढकलले ते नेमके तुम्ही मला सांगायच्या आधी; मग रागात ते सांगायचे राहून गेले, आणि फाईल तेव्हा तुमच्या उघड्या खिडक्यांमागे झाकलेली होती. मी अमामांना बोलावले आणि टिचकी मारली. आधी खोकला आला. मग बाबा टेनरवाल्यांना, म्हणजे चढ्या आवाजात गाणाऱ्या पुरुषांना, म्हणाले, “गाताय की होडी ओढताय?” मग गाणे. मध्येच बाहेरून कोणीतरी कुंपणाशी हाक मारते, आणि बाबा छडी आपटून सगळा क्वायर थांबवतात. “या, आत या. बसा. जेवलात का?” आणि मग सोडलेल्या शब्दावरून पुन्हा गाणे उचलतात. ती हाक मारणारा आवाज तुमचा आहे, असे अमामांचे म्हणणे आहे. मला तो छपराचे पत्रे विकायला यायचा त्या माणसाचा वाटतो. पण मी वाद घातला नाही. तेवढाच तुकडा त्यांनी मला पुन्हा पुन्हा लावायला लावला. तेव्हा गुरुवारी मशीनमध्ये येण्याची गरज उरलेली नाही.

ता. क. दुसरा. खरे तर येणे आता शक्यही नाही. मी पुन्हा त्या जागी गेलो आणि ती वाट परकी करून टाकली, रिमोट डेस्कटॉपची खूणही काढली. रागाने नाही. अमामांना विचारून केले. मी म्हणालो, झरोका ठेवू का, पुढेमागे लागेल. त्या म्हणाल्या, “भिंत असू दे. दार कुठं आहे ते त्याला ठाऊक आहे.” तुमचे कागद ईस्टरनंतर झाले, असे ताई फोनवर बोलून गेली आहे (तिला रागावू नका, तिला वाटले मला ठाऊक आहे). त्यामुळे जोहान्सबर्गहून चिवंग्याला यायला आता एकच वाट उरली आहे, आणि ती ग्रेशम चालवतो. परतीच्या फेरीत खिडकीजवळच्या दोन जागा राखायला त्याला सांगितले आहे. उसिपा जास्तीची दिली ती त्यासाठीच होती.

ता. क. शेवटचा. आलात की कुंपणाशी उभे राहून हाक मारा आणि थांबा. अमामा हल्ली उठायला वेळ लावतात, पण ओ दुसऱ्या कोणी द्यायची नाही असे त्यांनी आम्हा सगळ्यांना बजावले आहे. आणि एकदा आत आलात की दगडावरचे कापड निघून तुम्हाला वळणापर्यंत पोचवेपर्यंत तुम्हाला क्षणभरही कोणी एकटे बसू देणार नाही, त्याबद्दल मी आत्ताच माफी मागून ठेवतो.